आईला डबा लावू का? (उत्तर जरा लांबलंय)

तुमचा प्रश्न असा की वडील जाऊन आठ महिने झाले, आई ७१ वर्षांची, सांगलीत एकटी, तुम्ही बंगळुरूला. तिचं वजन ५८ वरून ५१ वर आलंय, विचारलं की म्हणते भूकच लागत नाही आणि एकटीसाठी काय शिजवत बसू. तर डबा लावावा का आणि प्रोटीन पावडर कुठली चांगली.

मी आहारतज्ज्ञ म्हणून २४ वर्षं काम करतेय, पहिली अकरा मिरजेतल्या एका हॉस्पिटलात आणि मग स्वतःचं छोटं क्लिनिक. हा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, गाव बदलतं, कधी आईच्या जागी वडील असतात, बाकी तेच.

आधी डॉक्टर, मग मी. ५८ किलोच्या बाईचे ७ किलो जाणं म्हणजे १२ टक्के वजन गेलं, आणि या वयात सहा महिन्यांत ५ टक्के गेलं तरी आम्ही कान टवकारतो. घरातलं माणूस गेलं की सगळे धरूनच चालतात की धसका घेतलाय, होईल हळूहळू, आणि त्या धसक्याच्या आड थायरॉईड, शुगर, बी१२, टीबी, पोटातला एखादा आजार काहीही लपून बसतं. माझ्याकडे एक आजी आलेल्या, अख्खं घर म्हणत होतं आजोबांच्या आठवणीने झुरतायत, निघाला थायरॉईड. तेव्हा रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्सरे, दात (कवळी सैल झाली की माणूस भाकरी सोडतं आणि कारण कुणाला सांगत नाही), पोट साफ होतं का, चालू गोळ्या कुठल्या, कारण मधुमेहाची मेटफॉर्मिनसुद्धा काहींची भूक मारते. आणि मनाचं पण विचारा. पहाटे तीनला जाग येणं, कशातच लक्ष न लागणं, आंघोळ टाळणं असं काही असेल तर ते नैराश्य असू शकतं, त्याला औषध आहे, नुसतं आई मन रमव गं म्हणून ते जात नाही. हे सगळं करून घ्या, म्हणजे पुढचं वाचा आत्ताच, पण करायचं त्यानंतर.

आता रिपोर्ट नॉर्मल आले असं धरू. ती काय खात असणार हे मी न बघता सांगते. सकाळी चहा आणि खारी, अकराला परत चहा, दुपारी वरणभात किंवा दूधभात, रात्री सकाळची पोळी दुधात कुस्करून. यात प्रोटीन जेमतेम २५-३० ग्रॅम होतं. तिला हवं किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५१ ते ६१ ग्रॅम (किडनीचा त्रास नसेल तर). निम्म्यावर चाललंय सगळं. मग वजन उतरतं ते नुसतं चरबीचं उतरत नाही, मांडीचे स्नायू जातात, जिना चढताना कठडा धरायला लागतो, आणि एक दिवस बाथरूममध्ये पडतात.

हे आकडे बघून पहिली पंधरा वर्षं मी काय करायची तर सहा वेळेचा चार्ट द्यायची. छान टाइप केलेला, सातला बदाम, नऊला उपमा, अकराला ताक असा. आणि पावडरचा डबा लिहून द्यायची. महिन्याने पेशंट यायचे, चार्ट फ्रीजवर मॅग्नेटने लावलेला असायचा, पावडरचं सील तसंच, वजन आणखी दीड किलो खाली. मी मनातल्या मनात चिडायची की सांगितलेलं करत नाहीत मग येतात कशाला. हे मी कबूल करते कारण तुम्ही आता बरोबर त्याच वाटेवर आहात, पावडर विचारताय.

माझे डोळे उघडले ते घरीच. माझी आई गेल्यावर वडील एकटे होते आणि मी एवढी आहाराची शिकलेली मुलगी पण त्यांचं ताट रोज निम्मं परत यायचं. टीव्हीसमोर बसायचे, बातम्या बघत चार घास, झालं. मग दिवाळीच्या आधी घराचं रंगकाम काढलं. दोन रंगारी यायचे, दुपारी एकला व्हरांड्यात डबे सोडून बसायचे, भाकरी, खर्डा, कांदा, एखादी सुकी भाजी. तिसऱ्या दिवशी मी आत भांडी घासतेय आणि बघते तर बाबा स्वतःचं ताट घेऊन बाहेर चाललेत, जाताना मला म्हणाले लोणच्याची बरणी दे, त्यांना पण वाढतो. अर्धा तास बसले. शिवाजी विद्यापीठात कुणाचा पोरगा काय शिकतो, कुठल्या गावात पाणी आलं, असल्या गप्पा. ताट धुतल्यासारखं स्वच्छ आणि वर रंगाऱ्याच्या डब्यातली अर्धी भाकरी. अकरा दिवस काम चाललं, अकरा दिवस बाबा जेवले. रंग संपला, परत टीव्ही, परत निम्मं ताट. स्वयंपाक तोच होता हो, मीच करत होते, मीठसुद्धा बदललं नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला लागले तर हे लोकांनी मोजून ठेवलेलं होतं आणि कॉलेजात आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल आणि मी लक्ष दिलं नसेल. जॉन डी कॅस्ट्रो म्हणून एक अमेरिकन संशोधक होते, त्यांनी ऐंशीच्या दशकात लोकांना आठवडाभर जेवणाच्या डायऱ्या लिहायला लावल्या, काय खाल्लं किती खाल्लं कुणाबरोबर खाल्लं, आणि हिशोब निघाला तो असा की सोबतीने केलेलं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्के मोठं असतं. चव वगैरे फार गूढ काही नाही त्यात, माणूस बसून राहतं जास्त वेळ, आणि बसलं की हात परत भाताकडे जातो. शिवाय चारजण असले की दोन पदार्थ जास्त होतात, कोशिंबीर होते, पापड भाजला जातो. एकटीसाठी कोण पापड भाजणार. आणि नंतरच्या अभ्यासांमधून दिसलं की हे ओळखीच्या, आपल्या माणसांबरोबर होतं, अनोळखी लोकांसमोर माणूस उलट हात आखडतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

(ज्यांना वजन कमी करायचंय त्यांना मी हीच गोष्ट उलटी सांगते, लग्नसराईत माझ्याकडे येऊच नका म्हणते, आग्रहाच्या जिलेबीपुढे माझा चार्ट टिकत नाही.)

आणखी एक सांगते कारण ते थेट उपयोगी आहे. नेदरलँड्समध्ये पाच वृद्धाश्रमांत १७८ जणांवर सहा महिने प्रयोग केला, २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. काही वॉर्डांत नेहमीसारखं, वाढून आणलेला ट्रे समोर. बाकीच्या वॉर्डांत टेबलावर कापड, ताटं-ग्लास मांडलेले, भाज्या भांड्यात मध्ये ठेवलेल्या, ज्याचं त्याने वाढून घ्यायचं, कर्मचारी सोबत बसणार, आणि जेवताना गोळ्या वाटायच्या नाहीत. सहा महिन्यांनी ट्रेवाल्यांचं वजन आणि हालचाल घसरली होती, टेबलवाल्यांची टिकली किंवा सुधारली. अन्न वेगळं नव्हतं, मांडणं वेगळं होतं. आपल्याकडे पंगतीत हे कुणाला शिकवावं लागलं नाही म्हणा, पण पंगत आता राहिलीय कुठे, लग्नातसुद्धा ताट हातात धरून उभ्याने.

आता तुमच्या आईकडे येते. तुम्ही लिहिलंय की बाबा गेल्यावर ती जेवत नाही कारण तिला बाबांची आठवण येते. येत असणारच. पण मला एक वेगळा हिशोब मांडून दाखवायचाय, जो मुलांच्या लक्षात येत नाही, मुलग्यांच्या तर अजिबातच नाही, राग मानू नका. तुमची आई मागच्या वर्षापर्यंत वर्षभरात किती ठिकाणी जेवायला, फराळाला जात होती ते आठवून बघा. चैत्रातलं हळदीकुंकू, वाटली डाळ आणि पन्हं. श्रावणात शुक्रवारची सवाष्ण म्हणून तीनचार घरी पुरणपोळी. कुणाच्या सुनेची मंगळागौर. नवरात्रात परत सवाष्ण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी कुणाकडे तरी. मग जोडीने बोलावणं, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाच्या साठीशांतीचं जेवण, तुमच्या बाबांच्या ऑफिसवाल्यांची महिन्याची भिशी. हे सगळं एका दिवसात बंद झालं. हळदीकुंकू आणि सवाष्ण कुंकवावर होतं ते गेलं, आणि जोडीची बोलावणी जोडी फुटली म्हणून गेली. कुणी वाईटपणाने करत नाही, शेजारच्या काकूंनाच वाटतं की तिला बोलावलं तर तिला वाईट वाटेल, नाही बोलावलं तरी वाईट वाटेल, मग त्या दारावरून जाताना नुसतं कशी आहेस विचारून पुढे जातात. म्हणजे नवरा गेला त्याबरोबर तिची वर्षाची तीसचाळीस पानं गेली, आणि वर लोक म्हणतात हिला भूक का नाही.

वडील एकटे राहिले तर असं होत नाही बघा. त्यांना कुणी ना कुणी डबा आणून देतं, बिचारे एकटे आहेत म्हणून जेवायला बोलावतात, सुपारी फुटली की पत्रिका येते. त्यांचा प्रॉब्लेम वेगळा असतो, त्यांना कुकर लावता येत नाही.

आपल्याच भागात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की आमच्या गावात विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव झाला म्हणून रूढी लगेच गेली असं नसतं, पण मी आता क्लिनिकमध्ये त्याचा दाखला देते, विशेषतः घरातल्या सुनेला. तुम्ही इथून काय करू शकता तर आईच्या दोन जुन्या मैत्रिणींना स्वतः फोन करा आणि स्वच्छ सांगा की काकू, हळदीकुंकवाला आईला बोलवा, तिला आवडेल. लोक परवानगीची वाट बघत असतात, ती घरच्या मुलाने दिली की सुटतात. माझ्या एका पेशंटच्या मुलीने तर आईकडेच संक्रांतीचं ठेवलं, सगळ्यांना, कुंकू असलेल्या नसलेल्या. पंचवीस बायका आल्या. तिळगुळासोबत मटार-उसळ होती, आणि मला फोन करून ती मुलगी सांगते की मॅडम आईने आज स्वतः दोनदा उसळ घेतली.

डब्याचं काय ते आता. डबा वाईट नाही, पण डबा तिच्या दुखण्याला लागू पडत नाही. तिचं वाक्य परत वाचा, एकटीसाठी काय शिजवत बसू. तिला शिजवता येत नाही असं ती म्हणत नाहीये. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिने रोज दुसऱ्याला वाढलं तिच्यापुढे तुम्ही स्टीलचा चारमजली डबा ठेवणार, तो ती उघडेल, दुपारी त्यातलं अर्धं खाईल, उरलेलं रात्रीला ठेवेल, आणि रात्री म्हणेल दुपारचं जड झालंय. मी शंभरेक डबे असे बघितलेत. डबा लावायचाच तर तिच्या गुडघ्यांमुळे, गॅससमोर उभं राहवत नाही म्हणून लावा, आणि तेव्हा दोन माणसांचा लावा. दुसरं माणूस शोधा. तिला जेवायला घालणारं नको, तिच्याकडे जेवणारं पाहिजे.

कुठून आणायचं? सांगली-मिरजेत कॉलेजं आहेत, मेडिकलची, इंजिनिअरिंगची, बाहेरगावच्या पोरी मेसच्या जेवणाला कंटाळलेल्या असतात. एखादी ओळखीतली, नात्यातली शोधा जी आठवड्यातून दोनतीन संध्याकाळी येईल. रोज नको, रोज झालं की ती खानावळ होते आणि आईचे गुडघे बोलायला लागतात. पैसे घ्यायचे का? माझं मत, थोडं काहीतरी ठरवा, भाजी तिने आणायची किंवा गॅसचा खर्च वाटून घ्यायचा, कारण फुकट जेवणारी पोर संकोचाने येणं बंद करते. एका आजींकडे अशी नर्सिंगची मुलगी यायची, विदर्भातली, आजींनी तिच्याकडून झणझणीत पातोडीची भाजी शिकून घेतली आणि स्वतःची आमटी पांचट आहे हे ७४ व्या वर्षी मान्य केलं. दोन महिन्यांत सव्वा किलो वाढ. माझ्या चार्टने हे कधी जमलं नव्हतं.

आणि एक माणूस तर तुमच्या घरात रोज येतंच, कामाच्या मावशी. तुम्ही लिहिलंय की त्या अकराला येतात आणि साडेबाराला जातात. म्हणजे बरोबर जेवायच्या वेळेला एक बाई घरात आहे आणि दोघी वेगवेगळ्या जेवतात, किंवा मावशींना जाताना चहा आणि चपाती दिली जाते, त्यांच्या वेगळ्या कपात. तो कप खिडकीत पालथा असतो ना? बहुतेक घरी असतो. मी हे कुणाला टोचून बोलायला लिहीत नाहीये, माझ्या सासरी पण होता. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा दलिताच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना, तर शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घ्यायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. शंभर वर्षं होऊन गेली त्याला, आपल्याकडे तो कप अजून खिडकीत. आईशी बोला, भाषण न देता. मावशींना म्हणा आईला एकटीला जेवण जात नाही, तुम्ही बसाल का तिच्यासोबत, पगार वेळेचा धरून. हे फार महत्त्वाचं, त्यांचा अर्धा तास फुकट मागायचा नाही, त्यांना पुढची दोन घरं असतात. आणि ताट तेच, टेबल तेच, नाहीतर ते सोबत जेवणं होत नाही, एक जेवतेय आणि एक खाली बसून बघतेय असं होतं, त्याने दोघींचाही घास अडकतो. माझ्याकडे जेवढ्या घरांनी हे केलं त्यातल्या निम्म्यांत टिकलं, निम्म्यांत नाही टिकलं, सासूबाईंच्या वळणाच्या बायकांना ते जमत नाही आणि तिथे मी जास्त ताणत नाही.

जेवण कधी आणि कसं. मुख्य जेवण दुपारी ठेवा, साडेबारा-एकला, या वयात भूक दुपारी बरी असते, रात्री हलकं चालतं. पातेली टेबलावर मध्ये. ताट वाढून समोर आणायचं नाही, तिला वाढू द्या, दुसऱ्याला वाढताना माणूस स्वतःलाही वाढतं. गोळ्यांचा तो सात कप्प्यांचा डबा टेबलावरून हलवा, जेवणाआधीची गोळी असेल ती आधी देऊन मोकळं व्हा, ताटाशेजारी औषध दिसलं की ते हॉस्पिटल झालं. पदार्थ तिचेच, फक्त थोडे भरीव. दूधभाताऐवजी दहीभात आणि त्यात मूठभर भाजलेल्या दाण्यांचं कूट, २५ ग्रॅम दाण्यात ६ ग्रॅम प्रोटीन येतं. वाटीभर पिठलं करायला लागणाऱ्या बेसनात तेवढंच. खात असेल तर अंडं, एकात ६ ग्रॅम. आमटी घट्ट करा, ती पाणीदार पिवळी आमटी फसवी असते. शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून द्या, थालीपिठावर लोणी. एवढं झालं की पावडरची गरजच पडत नाही बहुतेक वेळा, पडली तर मी नाही म्हणणार नाही, पण दुधात घालून, चोरून.

फोनचं बोलू. तुम्ही रोज रात्री नऊला विचारता जेवलीस का, ती म्हणते जेवले. या प्रश्नाला जगातली कुठलीच आई नाही म्हणत नाही. त्याऐवजी रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावून तुम्ही पण जेवायला बसा, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून, आणि खरंच जेवा, तिची चौकशी करत बसू नका. काय केलंयस, दाखव, मीठ जास्त झालं का, एवढंच. याने सोबत वाटते, ताट थोडं उशिरा उचललं जातं. पण एक खरं सांगते, स्क्रीनवरून कुणी वाढत नाही, त्यामुळे खाणं किती वाढतं म्हणाल तर फारसं नाही. महिन्यातून एकदा राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून शुक्रवारी रात्री निघा, शनिवारी मिरज, शनिवार-रविवारची जेवणं तिच्यासोबत. आणि येताना बंगळुरूचं काही आणू नका, तिला आधी सांगा मला भरली वांगी पाहिजेत. कृष्णाकाठची वांगी, मंडईतून तीच निवडून आणेल. ऑर्डर द्या तिला, दया दाखवू नका.

आता तुम्ही जे लिहिलं नाहीये पण डोक्यात असणारच, ते म्हणजे तिला बंगळुरूला घेऊन जाणं. न्या, पण आधी स्वतःच्या घराचं टाइमटेबल बघा. तुम्ही दुपारी लॅपटॉपसमोर खाता, बायको ऑफिसला, मुलगी क्लासवरून येऊन साडेआठला नूडल्स, तुम्ही दहाला. जपानमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांचा तीन वर्षं मागोवा घेतला, त्यात घरच्यांसोबत राहूनही एकटे जेवणारे जे पुरुष होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण घरच्यांसोबत राहून सोबत जेवणाऱ्यांच्या जवळपास दीडपट दिसलं. आता एकटं जेवल्याने माणूस मेलं असं त्यातून सिद्ध होत नाही, आजारी माणूस आधीच बाजूला पडलेलं असू शकतं, पण माझ्या क्लिनिकमध्ये मी हेच बघते, की सगळ्यात वाळलेली म्हातारी माणसं भरल्या घरातली असतात. सून म्हणते आम्ही सगळं करतो मॅडम, आणि करतातही, एक वाजता ताट खोलीत नेऊन देतात. सांगलीत निदान तिची शेजारीण आहे, मंडईवाला नावाने हाक मारतो. बंगळुरूला चौदाव्या मजल्यावर तिला तीही नाही. न्यायचं असेल तर दिवसातलं एक जेवण ठरवा ज्याला सगळे टेबलावर, फोन आतल्या खोलीत. ते जमणार नसेल तर नका नेऊ.

सोबतीचा हट्टही करायचा नाही बरं का, हेही बघितलंय मी. काही माणसांना चारजणांत जेवणं ही शिक्षा असते. हात थरथरतो, आमटी सांडते, कवळी काढून ठेवावी लागते, घास बारीक करून खायला पाऊण तास लागतो आणि बाकीचे हात धुवून वाट बघत बसतात. त्या माणसाला लाज वाटते आणि ते म्हणतं मी नंतर बसतो. त्याला जबरदस्तीने पंगतीत ओढलं की ते आणखी कमी खातं. अशा वेळी एकच माणूस सोबत, सावकाश जेवणारं, आणि आमटीऐवजी घट्ट पदार्थ, खोलगट ताटली. आणि जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर ते घशाचं काम आहे, लगेच दाखवा, आणि त्या माणसाला घास तोंडात असताना बोलायला लावू नका, गप्पा घास संपल्यावर. तुमच्या आईला असं काही आहे का ते एकदा शेजारी बसून जेवताना बघा, फोनवर कळत नाही.

फरक कधी दिसेल विचाराल. वजनकाट्यावर पहिले तीन आठवडे काही नाही, उगीच रोज उभं करू नका, पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी, चहाच्या आधी. दंडाचा घेर टेलरच्या टेपने मोजून ठेवा, ते सोपं आहे. आणि मी एक गोष्ट नेहमी विचारते जी पुस्तकात नाहीये, गॅसचा सिलेंडर शेवटचा कधी बुक केला होता. दोघांच्या घरात १४.२ किलोची टाकी दीडदोन महिने जाते. आई एकटी आणि टाकी पाच महिने चाललीय म्हणजे घरात फक्त चहा होतोय. बुकिंग तुमच्या नंबरवर असेल तर मेसेज तुमच्याकडेच येत असणार, जुने काढून बघा वडील असतानाच्या आणि आत्ताच्या तारखा. तेवढ्या दोन तारखा आणि रिपोर्ट मला पाठवा, मग पुढचं बोलू.